उकळणीपासून काळ्या पाटीपर्यंत: कातलेल्या रेशमाच्या गुणवत्तेचा आढावा

नागरवाडा, रावपुरा, दांडिया बाजार अशा बडोद्याच्या जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरांत पूजेच्या मुकट्याला, म्हणजे सोवळ्यात नेसायच्या रेशमी वस्त्राला, वेगळी दांडी असायची. काही घरांत ती आजही आहे. हा मुकटा आणि लग्नातली पैठणी शेजारी ठेवली, तर दोन्ही रेशीमच, पण दोन्हींचं सूत वेगळ्या कुळातलं आहे हे बोटांना लगेच कळतं. पैठणीचा धागा सलग आणि चकचकीत. मुकट्याचं सूत बऱ्याचदा टसराचं किंवा जाड्याभरड्या रेशमाचं; त्यात मध्येच गाठ, मध्येच बारीक जागा, वर तंतूंची लव. हाताने कातलेल्या सुताच्या कापडात हे सगळं आपण आनंदाने मान्य करतो. पण हेच दोष गिरणीतून आलेल्या, किलोला काही हजार रुपये मोजलेल्या स्पन सिल्कच्या, म्हणजे कातलेल्या रेशमाच्या, सुतात निघाले, की मागावर ताणा तुटतो, रंगात ठिपके उठतात आणि व्यापारी माल परत पाठवतो.

हे दोष कुठून येतात, आणि प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर ते रोखता येतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. स्पन सिल्कची गुणवत्ता कताईच्या यंत्रावर जेवढी घडते, त्याहून कितीतरी जास्त कचरा निवडण्याच्या ओट्यावर आणि उकळणीच्या टाकीत घडते. आपल्याकडे पैसा मात्र उलट क्रमाने खर्च होतो. आधी कताईची रिंग फ्रेम येते, मग विंचरणीची फणी, आणि निवडणीला मजुरी परवडत नाही म्हणून ती उरकली जाते.

रेशमाचं सूत दोन वाटांनी बनतं. कोष गरम पाण्यात मऊ करून त्याचा तंतू सलग उलगडायचा, ही रिलिंगची वाट. तुतीच्या एका चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू निघतो. जे उलगडता येत नाही, ते कापसासारखं किंवा लोकरीसारखं पिंजून, विंचरून, कातायचं, ही दुसरी वाट. ही दुसरी वाट किती मोठी आहे, हे साध्या हिशेबातून कळतं. मराठवाड्यात आज होतात तसे संकरित पांढरे कोष घेतले, तर एक किलो कच्चं रेशीम काढायला साधारण साडेसहा किलो ओले कोष लागतात. ओल्या कोषाच्या वजनात कवचाचा वाटा पाचवा हिस्सा धरला, तर कवच झालं एक किलो तीनशे ग्रॅम. त्यातलं एक किलो रिळावर गेलं. उरलेले तीनशे ग्रॅमही अस्सल रेशीमच, फक्त तुकड्यांत, गुंत्यात, डिंकाने चिकटलेलं. बीड, जालना, सोलापूर, लातूर भागात तुतीची लागवड पसरली, २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली, आणि कोषाच्या भावाची चर्चा गावोगाव होऊ लागली. या तीनशे ग्रॅमची चर्चा मात्र फारशी होत नाही.

गिरणीसाठी या मालाची किंमत आधी ओळखली ती परक्यांनी. यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डचा गिरणीमालक सॅम्युअल कनलिफ लिस्टर लोकर विंचरण्याच्या यंत्रांवर श्रीमंत झाला होता. १८५० च्या दशकात लंडनच्या गोदामात हिंदुस्थानातून आलेला रेशमाचा कचरा पडून होता. कोणाला नको असलेला तो ढीग त्याने पौंडाला अर्धा पेनी अशा भावाने घेतला, असं सांगतात. त्यातून विकण्याजोगं सूत काढायला त्याला कित्येक वर्षं लागली आणि लाखो पौंड ओतावे लागले. पुढे मॅनिंगहॅमची त्याची गिरणी रेशीम आणि मखमलीसाठी जगभर नावाजली. त्या सगळ्या खटाटोपात कातण्याची अडचण दुय्यम होती. लिस्टरचं खरं डोकं लागलं ते गुंता सोडवून तंतू लांबीनुसार वेगळे करण्यात. दीडशे वर्षांनंतरही या धंद्याचा कस तिथेच लागतो.

भारतात १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानात चन्नपट्टणला स्पन सिल्कची गिरणी उभी राहिली. पुढे आसामात एरी रेशमासाठी जागीरोडला आणि टसरासाठी बिहारमध्ये भागलपूरला असे प्रयत्न झाले. बडोद्यात रेशमाची गिरणी रुजली नाही, पण वस्त्रविद्या रुजली. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे ते सोपवलं, आणि रंगाई व विणकाम तिथे देशी भाषांतून शिकवलं जाऊ लागलं. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, तेव्हा कलाभवनाचं रूपांतर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत झालं. आज या एकाच विद्यापीठात कापड अभियांत्रिकीचा विभाग आहे, वस्त्ररसायनाचा आहे, आणि पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेत वस्त्र व पेहराव यांचाही आहे. स्पन सिल्कचा प्रश्न या तिन्ही विभागांच्या मधोमध उभा आहे. उकळणी रसायनाची, कताई अभियांत्रिकीची, आणि अंगाला कापड कसं लागतं हे तिसऱ्यांचं. म्हणून बडोद्यात बसून या विषयाचा आढावा घ्यावासा वाटला.

आता कच्च्या मालाकडे. ‘रेशमाचा कचरा’ या एकाच नावाखाली निदान पाच वेगळे माल येतात. अळी कोष बांधायला जागा धरते, तेव्हा चंद्रिकेला (कोष बांधण्यासाठी ठेवलेल्या तट्ट्याला) चिकटून राहणारी सैल पिंज; रिलिंगआधी कोषावर ब्रश फिरवून टोक शोधताना निघणारा लांब, चांगला गुंता; कोष संपत आल्यावर प्यूपाभोवती उरणारा पातळ, डिंकाळ पापुद्रा; पतंग बाहेर पडल्यामुळे भोक पडलेले किंवा डागाळलेले, जोडलेले कोष; आणि रिळावर, पीळ देताना तुटणारे धाग्याचे तुकडे. प्रत्येकात डिंक किती, तेल किती, तंतूची लांबी किती, हे वेगळं असतं. हे पाचही एका पोत्यात भरले आणि एका टाकीत उकळले, तर ब्रशचा गुंता चाळीस मिनिटांत मोकळा होऊन पुढे झिजू लागतो, आणि पापुद्रा तेवढ्याच वेळात अर्धाकच्चा राहतो. पुढे कितीही भारी यंत्र लावा, हा फरक मिटत नाही. अर्धाकच्चा तुकडा फणीत गाठ होऊन बसतो, अति उकळलेला तंतू तुटून आखूड होतो. निवडणी म्हणजे केवळ काडी, केस, पाला काढणं नव्हे. एकसारखं वागणारा माल एकत्र आणणं, हा तिचा अर्थ आहे.

भोक पडलेल्या कोषाबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच दूर करायला हवा. पतंग कोष कुरतडून बाहेर येतो, त्यामुळे सगळे तंतू कापले जातात, असं पुष्कळदा लिहिलं जातं. पतंगाला कुरतडायला जबडाच नसतो. तो तोंडावाटे एक द्राव सोडतो. त्यातलं विकर कोषाचा डिंक विरघळवतं, तंतूला मात्र हात लावत नाही. मऊ झालेल्या जागेतून तो डोकं खुपसून तंतू बाजूला सारत निघतो. फोटिस काफाटोस आणि कॅरॉल विल्यम्स या संशोधकांनी १९६४ मध्ये हे विकर उलगडून दाखवलं. त्याला कोकूनेज म्हणतात. काही तंतू तुटतात, पण बहुतेक लांबी शिल्लक राहते. एरीच्या कोषाला तर मुळातच एक तोंड उघडं असतं आणि त्याचा तंतू सलग उलगडत नाही; तो कातूनच वापरावा लागतो. म्हणून चांगल्या स्पन सिल्कसाठी एरी हा सर्वांत एकजिनसी कच्चा माल ठरतो.

उकळणीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे. रेशमाच्या तंतूत दोन प्रथिनं असतात: आत फायब्रॉइन, वर डिंकासारखं सेरिसिन. तुतीच्या रेशमात सेरिसिनचा वाटा वजनाच्या वीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो. टसरात आणि एरीत तो त्याहून बराच कमी. हा डिंक पाण्याने फुगतो, साबणाच्या अल्कलीने सुटतो. पारंपरिक इंग्लिश पद्धत म्हणजे तेलाच्या साबणाच्या पाण्यात, उकळीच्या जरा खाली, साधारण ९५ अंशांवर, एक-दोन पाण्यांत डिंक पूर्ण काढून टाकणं. पाणी खळखळून उकळू द्यायचं नाही, कारण हलणाऱ्या पाण्यात तंतू एकमेकांवर घासून गुंततात. माल जाळीच्या पिशव्यांत सैल भरायचा. सामू साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये ठेवायचा. त्याच्या खाली डिंक लवकर सुटत नाही, फार वर गेलं तर फायब्रॉइनच झिजू लागतं, तंतू सोलल्यासारखा होऊन त्याला बारीक फाटे फुटतात. हे फाटे पुढे रंगात फिकट ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तेव्हा दोष रंगाऱ्याच्या माथी येतो.

युरोपात, विशेषतः बाझेल आणि फ्रान्सच्या पट्ट्यात, दुसरी रीत होती. कचरा कोमट पाण्यात काही दिवस कुजत ठेवायचा आणि डिंकाचा काही भाग जाणूनबुजून तसाच ठेवायचा. हे शाप्प रेशीम. उरलेला डिंक तंतूला थोडं अंग देतो, विंचरताना तंतू कमी तुटतात. पण दुर्गंधी भयंकर आणि चमक कमी. या रीतीमागची कल्पना मला आजही उपयोगाची वाटते. विंचरणीच्या आधी डिंक शंभर टक्के काढायलाच हवा असं नाही; काही टक्के ठेवून, सूत किंवा कापड झाल्यावर तो काढला, तर तंतू वाचतो. अट एकच. उरणारा डिंक सगळीकडे सारखा हवा.

तिसरा मार्ग विकरांचा. अल्कली सहन करणारी प्रोटिएज विकरं पन्नास ते साठ अंशांवर, सौम्य सामूला, सेरिसिन खातात आणि फायब्रॉइनला फारसं दुखवत नाहीत. इंधन वाचतं, तंतूची ताकद टिकते. अडचणी दोन. विकर साबणापेक्षा महाग पडतं, आणि ते तेल काढत नाही.

हे तेल म्हणजे या धंद्यातलं सर्वांत दुर्लक्षित प्रकरण. प्यूपाच्या सुक्या वजनात चौथ्या हिश्श्याहून अधिक तेल असतं. पापुद्र्यासारख्या कचऱ्यात प्यूपाचे तुकडे चिरडले जातात आणि तेल तंतूत मुरतं. हे तेल राहिलं तर तंतू रुळांना चिकटतो, पेळू फाटतो, साठवणीत सूत पिवळं पडतं, आणि रंग धरताना डाग उमटतात. म्हणून प्यूपा असलेला माल वेगळा ठेवून, तेलासाठी वेगळं पाणी द्यायला हवं: चांगल्या डिटर्जंटचं, किंवा लायपेज जातीच्या विकराचं. उकळणीनंतर उरलेलं तेल अर्ध्या टक्क्याच्या आत आलं की पुढचा प्रवास सुकर होतो.

आणि पाणी. पाणी जड असेल तर त्यातला चुना साबणाशी मिळून चिकट, न विरघळणारी साय बनवतो, आणि ती तंतूवर बसते. कोरड्या हाताला ती खरखर लागते, फणीच्या दातांत तिची भुकटी जमते. आजव्याच्या तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या बडोदेकराला बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हा फरक ठाऊक असतो. उकळणीच्या जागेची निवड करताना पाण्याची परीक्षा यंत्राच्या किमतीआधी व्हायला हवी. पाणी मऊ करण्याचं छोटं संयंत्र रिंग फ्रेमच्या तुलनेत किरकोळ खर्चाचं असतं.

उकळणी नीट झाली हे ओळखायचं कसं? वजनातली घट मोजणं हा पहिला उपाय. त्याहून चांगला उपाय पिक्रोकार्मिनचा. या रंगद्रव्यात तंतू बुडवला, तर जिथे सेरिसिन उरलं आहे तिथे लाल, आणि मोकळं फायब्रॉइन पिवळं दिसतं. दहा ठिकाणचे नमुने घेतले आणि सगळे पिवळे निघाले, तर खेप पुढे पाठवायची. काही पिवळे, काही लाल निघाले, तर ती खेप उत्तम सुतासाठी बाद. छोट्या केंद्रालाही ही चाचणी परवडते. ती रोज झाली, तर निम्म्या तक्रारी मिटतील असं मला वाटतं.

उकळून, धुऊन, सुकवलेला माल लगेच फणीवर घालायचा मोह टाळायला हवा. रेशमात ओलावा सामावतो. व्यापारात ११ टक्के ओलावा धरला जातो. वाळवणीतून बाहेर आलेल्या तंतूत तो त्याच्या कितीतरी खाली असतो. असा कोरडा तंतू ठिसूळ होतो आणि घासला की त्यात स्थिर वीज भरते; तंतू एकमेकांना दूर लोटतात, रुळाला गुंडाळतात, कडेने उडतात. बडोद्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा सुकलेली असते. श्रावणात त्याच शहरात भिंतींना ओल येते. एकाच खात्यात, एकाच यंत्रावर, दोन ऋतूंत दोन जातींचं सूत निघेल. उपाय जुनाच आहे. तंतूवर पाण्यात फेटलेल्या तेलाचा आणि स्थिर वीज मारणाऱ्या द्रव्याचा हलका फवारा द्यायचा, निदान एक दिवस-रात्र झाकून मुरू द्यायचं, आणि विंचरणी-कताईच्या खात्यात सापेक्ष आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या आसपास राखायची. चन्नपट्टणची सौम्य हवा हे काम बरंच हलकं करते. गुजरातेत आणि विदर्भात त्याला खर्च आहे, आणि तो टाळता येत नाही.

मग उघडणी आणि विंचरणी. मोकळा झालेला गुंता दात असलेल्या ढोलावर गुंडाळून, ठरावीक अंतरावर कापून, पुन्हा पुन्हा विंचरतात. पहिल्या खेपेला सर्वांत लांब तंतू मिळतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उत्तरोत्तर आखूड. जे उरतं ते नॉईल: आखूड तंतू, गाठी, कीटकाचे कण. मालाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नॉईलमध्ये सहज जातो. इथे मालकाच्या मनाची ओढाताण असते. नॉईल कमी काढलं तर चांगलं सूत जास्त मिळाल्यासारखं दिसतं, पण आखूड तंतू आणि गाठी त्यातच राहतात. नॉईल जास्त काढलं तर सूत देखणं, पण महाग. माझ्या मते हा निर्णय सवयीवर न सोडता सुताच्या उपयोगावर ठेवायला हवा. साडीच्या ताण्यासाठी कडक विंचरणी. जाड शालीच्या बाण्यासाठी सैल. आणि नॉईल म्हणजे नुकसान, ही समजूत सोडायला हवी. त्याचं सूत पडद्यांना, जॅकेटांना, खादी दुकानांतल्या जाडसर रेशमाला लागतं, त्याचा खडबडीतपणा आवडणारं गिऱ्हाईक आहे. दोन्ही मालांचे भाव एकत्र मांडले, तर कडक विंचरणी बहुतेक वेळा परवडते.

फणीच्या दातांचीही एक गोष्ट सांगायला हवी. टोक बोथट झालेला दात तंतू विंचरत नाही, गोळा करतो. गाठी अचानक वाढल्या की कामगाराला, मालाला किंवा हवेला दोष देण्याआधी दात भिंगाखाली पाहावेत.

विंचरलेल्या तंतूंचा पेळू बनतो. अनेक पेळू एकत्र करून ताणायचे, पुन्हा एकत्र करून ताणायचे, हे गिल बॉक्सचं काम. त्यात बारीक सुयांच्या पट्ट्या तंतूंना धरून पुढे नेतात, म्हणजे आखूड तंतू मोकाट सुटत नाहीत. एकत्र करण्यामागचा हिशेब साधा आहे. चार पेळू जोडले तर जाडी-बारकाईतला यादृच्छिक फरक निम्मा होतो, नऊ जोडले तर तिसरा हिस्सा. पण हे अमर्याद चालत नाही. प्रत्येक ताणणी स्वतःचा नवा फरक घालते, म्हणून चार-सहा फेऱ्यांपलीकडे फायदा कमी आणि तुटणं जास्त.

इथून विदर्भाकडे वळावं लागतं, कारण मराठी मुलखातलं कातलेलं रेशीम म्हणजे मुख्यतः टसर. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराची अळी पोसली जाते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाने केलं आहे. भंडाऱ्याच्या आंधळगावचे कोष्टी विणकर हे सूत वापरतात, आणि विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टसराचा तंतू बारीक सुतासाठी फणीखाली आणला, की तक्रारी सुरू होतात. यातल्या बऱ्याच तक्रारी यंत्राच्या नाहीत, अंकगणिताच्या आहेत.

सुताच्या छेदात जितके जास्त तंतू, तितका त्याचा सारखेपणा जास्त. १९४५ मध्ये वस्त्रसंशोधक मार्टिंडेल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, यंत्र निर्दोष असलं तरी जाडीतला कमीत कमी चढउतार हा शंभर भागिले तंतूसंख्येचं वर्गमूळ एवढ्या टक्क्यांच्या आसपास राहतो. आता मेट्रिक १२० नंबरचा एकेरी धागा घ्या. त्याचं वजन ९००० मीटरला ७५ ग्रॅम, म्हणजे ७५ डेनियर. डिंक काढलेला तुतीचा एकेरी तंतू सव्वा डेनियरच्या आसपास असतो. म्हणजे छेदात साठएक तंतू आणि किमान चढउतार १३ टक्क्यांच्या जवळ. टसराचा तंतू साडेचार डेनियर धरला, तर त्याच नंबरच्या धाग्यात जेमतेम सोळा-सतरा तंतू, आणि किमान चढउतार २४-२५ टक्के. असं सूत कोणत्याही कारागिराच्या हातून सारखं येणार नाही. तेच टसर जाड, मेट्रिक ४० नंबरला कातलं, तर छेदात पन्नास तंतू येतात आणि किमान चढउतार १४ टक्क्यांवर उतरतो. टसराला बारीक व्हायला लावण्यात शहाणपण नाही. बारीक कापडच हवं असेल तर टसरात तुतीचे किंवा एरीचे तंतू मिसळावेत, आणि मिश्रण पेळूच्या टप्प्यावर करावं, म्हणजे ते सगळ्या लांबीत सारखं पसरतं.

टसराच्या कोषाचा दुसरा प्रश्न कवचाचा. ते कठीण असतं. त्यात टॅनिनसारखी द्रव्यं आणि चुन्याचे स्फटिक असतात, म्हणून साधा साबण पुरत नाही. सोडा जोरात लावला की तंतूची ताकद जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड, विकरं, आणि पतंगाचं ते स्वतःचं कोकूनेज, या तिन्ही दिशांनी काम झालं आहे. रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्थेने कोकूनेजवर प्रयोग केले आहेत. टसराचं सूत काढण्यातही बदल झाला आहे. मांडीवर सूत वळण्याची जुनी रीत बायकांच्या पायांना इजा करते. ती थांबवण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने बुनियाद नावाची लहान रिलिंग यंत्रं गावांत पोचवली. त्यामुळे सलग सूत सुधारलं. पण घिचा आणि कटिया ही भोक पडलेल्या आणि उरलेल्या कोषांतली सुतं मोठ्या प्रमाणात हातानेच होतात, आणि त्यांची उकळणी घरच्या चुलीवर, अंदाजाने होते. सुधारणेला सर्वांत जास्त जागा तिथे आहे.

कताईबद्दल थोडक्यात. रिंग फ्रेमवर ताणणी बेताची, रबरी रूळ निगुतीने घासलेले, तंतूच्या लांबीप्रमाणे रुळांचं अंतर, एवढं पाळलं तर यंत्र आपलं काम करतं. पीळ जास्त दिला तर ताकद वाढते पण चमक मरते. म्हणून स्पन सिल्क बहुधा दुहेरी करतात, एकेरीला एका दिशेने आणि दुहेरीला उलट दिशेने पीळ देऊन, म्हणजे ताकद मिळते आणि तंतू धाग्याच्या दिशेला सरळ बसतात. गेल्या काही दशकांत आलेलं कॉम्पॅक्ट स्पिनिंग तंतूंना पिळाच्या तोंडाशीच हवेच्या ओढीने दाबून धरतं आणि लव कमी करतं. रेशमासाठी ते चांगलं आहे, पण वर सांगितलेल्या गोष्टी जमल्यानंतर.

लव काढण्याचा जुना मार्ग गॅसिंगचा. दुहेरी सूत वेगाने ज्योतीतून नेतात. उभे राहिलेले तंतू आणि लहान गाठी जळतात, सूत आत पोळत नाही. त्यात वजन काही टक्के घटतं, म्हणजे सुताचा नंबर बदलतो. हे आधीच धरून थोडं जाड कातावं लागतं. ज्योत सारखी नसेल किंवा वेग कमी-जास्त झाला, तर सुताचा पिवळटपणा पट्ट्यापट्ट्यांनी येतो. गॅसिंगनंतर काजळी झाडून, धुऊन काढली नाही, तर कापडात करडी छटा राहते. चांगलं गॅसिंग सुताचं रूप पालटतं. ते वाईट विंचरणी झाकण्यासाठी मात्र वापरू नये, कारण मोठी गाठ ज्योतीत जळत नाही, फक्त करपते.

मोजमापाची साधनं आता भरपूर आहेत. स्वित्झर्लंडच्या उस्टरच्या यंत्रातून सूत गेलं की जाडीचा चढउतार, किलोमीटरमागे जाड जागा, बारीक जागा, गाठी, सगळं छापून येतं. दोष ठरावीक अंतरावर परत येत असेल, तर आलेख कोणता रूळ किंवा दाता बिघडला आहे हेही सांगतो. बेंगळुरूची केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्था, अहमदाबादची अटिरा, मुंबईची सस्मिरा आणि बडोद्याचं विद्यापीठ, अशा ठिकाणी अशी साधनं असतात. पण गडचिरोलीच्या केंद्रातली बाई प्रत्येक लडीसाठी बेंगळुरूला नमुना धाडू शकत नाही. तिच्यासाठी काळी पाटी आहे: काळ्या रंगाची फळी, तिच्यावर सूत समान अंतराने गुंडाळायचं, आणि सकाळच्या उजेडात पाहायचं. गाठी, जाड-बारीक जागा, लव, तिन्ही दिसतात. चांगल्या, मध्यम, वाईट अशा तीन नमुन्यांच्या पाट्या शेजारी ठेवल्या, तर मोजणाऱ्याचं मत बदलत नाही. बडोद्याच्या विद्यापीठातल्या एखाद्या विभागाने टसराच्या आणि एरीच्या वेगवेगळ्या नंबरांसाठी अशा नमुना पाट्या तयार करून विदर्भातल्या केंद्रांना दिल्या, तर एका महागड्या यंत्राहून त्यांचा उपयोग अधिक होईल. त्यासोबत पिक्रोकार्मिनची बाटली, सामूच्या कागदी पट्ट्या आणि साधा काटा हवा.

एक बाजू अजून राहिली. उकळणीच्या पाण्यात सेरिसिन, साबण आणि तेल एकत्र जातं. नाल्यात सोडलं तर ते सडून पाण्यातला प्राणवायू खातं. वस्ती दाट असलेल्या गावात ही उकळणी म्हणूनच लोकांना नको असते. सेरिसिन गाळून, सुकवून प्रसाधनांसाठी विकता येतं, पण साबण मिसळलेल्या पाण्यातून ते शुद्ध करणं खर्चिक. साबणाशिवाय, दाबाखालच्या गरम पाण्याने किंवा विकराने काढलेल्या डिंकातून ते सोपं. म्हणजे विकराची महागाई मोजताना त्याच्या पाण्यातून काय परत मिळतं हेही मोजायला हवं. प्रत्येक छोट्या कताई केंद्राने स्वतःची टाकी लावली, तर हा हिशेब कधीच बसणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी: निवडणी गावात, जिथे कोष पिकतात तिथे, मालाच्या पाच वर्गांप्रमाणे, आणि निवडणाऱ्या बाईला वर्गाप्रमाणे वेगळा दर. उकळणी, तेलमुक्ती आणि विंचरणी जिल्ह्यातल्या एका सामायिक केंद्रात, जिथे मऊ पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि आर्द्रता राखणारी खोली असेल. आणि विंचरलेला पेळू पुन्हा गावांत, चरख्यावर किंवा छोट्या फ्रेमवर कातायला. पेळू सारखा असेल तर कताई कुठेही होऊ शकते. गडचिरोलीतल्या आरमोरीला किंवा आंधळगावला असं एक केंद्र उभं राहिलं, तर त्याच्या पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात यंत्रांपेक्षा पाण्याच्या आणि निवडणीच्या रकमा मोठ्या असायला हव्यात.